देहाचे नवे द्वार आणि जबाबदारीचा प्रश्न

भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायात देहाला नऊ दारांचे नगर म्हटले आहे. ही उपमा भारतीय विचारात इतकी रुळलेली आहे की तिच्यामागचे एक गृहीतक सहसा लक्षात येत नाही. नगराची दारे आधीच ठरलेली आहेत, ती निसर्गाने अथवा विधात्याने दिलेली आहेत, आणि त्यांच्यावर संयमाचा पहारा ठेवणे एवढेच माणसाचे काम आहे, असे ते गृहीतक होय. योगमार्गाने दहाव्या द्वाराची कल्पना केली खरी. पण तेही जन्मजातच, फक्त मिटलेले. माणसाने माणसाच्या देहाला केवळ जगण्यासाठी एक नवे दार पाडावे आणि त्याची राखण घरातल्याच कोणाकडे सोपवावी, ही गोष्ट मात्र विसाव्या शतकाची आहे. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाच्या पोटात घरगुती डायलिसिससाठी जी नळी बसवतात, ती असे दार आहे. तिच्या तयारीचा विचार वरवर पाहता वैद्यकाचा वाटतो. परंतु शुद्धी म्हणजे काय, चूक आणि अपराध यांत अंतर कोठे पडते, आणि एका माणसाच्या जगण्याचे ओझे दुसऱ्याने किती व कशाच्या बळावर उचलावे, हे नीतिविचारातले जुने प्रश्न त्या लहानशा नळीभोवती नव्याने उभे राहतात.

प्रथम वस्तुस्थिती पाहावी. मूत्रपिंडे थकली की रक्तातील युरिया, क्षार आणि जादा पाणी शरीरात साठू लागते. रक्त शरीराबाहेर काढून यंत्राने गाळणे हा त्यावरचा एक उपाय. दुसरा उपाय पोटाच्या आतील अस्तराचा उपयोग करतो. आतडी आणि इतर इंद्रिये यांच्यावर पसरलेले हे उदरावरण, डॉक्टर ज्याला पेरिटोनियम म्हणतात ते, प्रौढ माणसात एक ते दोन चौरस मीटर भरते आणि त्यात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. नळीवाटे पोटाच्या पोकळीत सुमारे दोन लिटर ग्लुकोजयुक्त द्रावण सोडावयाचे आणि चार ते सहा तास आत राहू द्यावयाचे. तेवढ्या वेळात रक्तातील त्याज्य द्रव्ये आणि जादा पाणी अस्तर ओलांडून द्रावणात उतरतात. मग ते निचरून टाकून नवे भरावयाचे. हा क्रम दिवसातून साधारण चार वेळा, सणावारासह वर्षाचे सर्व दिवस चालतो. रात्री झोपेत हेच काम करणारे यंत्र मिळते. पण यंत्र असो वा नसो, नळीला पिशवी जोडणारा हात माणसाचाच असतो.

या उपायाचा इतिहास धिम्या गतीचा आहे. जर्मनीत गेओर्ग गांटर यांनी १९२३ साली उदरावरणाचा असा उपयोग करून पाहिला. त्यानंतर कित्येक वर्षे जंतुसंसर्गापुढे सर्व प्रयत्न थकत गेले, कारण प्रत्येक वेळी पोटात नवी नळी खुपसावी लागे. सिएटलचे हेन्री टेंकहॉफ यांनी १९६८ साली सिलिकोनची मऊ, कायम ठेवता येणारी नळी वर्णन केली. तिच्यावर डेक्रॉनचे दोन कडे होते. शरीराच्या पेशी त्या कड्यांत वाढत शिरतात आणि नळीभोवतीची फट बुजवतात. परके द्रव्य शरीराने आपलेसे करावे यासाठी त्यात मुद्दाम खरखरीत जागा ठेवली, ही या शोधातली खुबी होय. १९७६ साली टेक्सासमधील ऑस्टिन येथे पोपोविच आणि मॉन्क्रीफ यांनी द्रावण दिवसरात्र पोटात ठेवण्याची पद्धत मांडली. टोरंटोचे ओरिओपुलोस यांनी काचेच्या बाटल्यांऐवजी प्लॅस्टिकच्या पिशव्या आणल्या. उपचाराने रुग्णालयाचा उंबरठा ओलांडून घरात प्रवेश केला तो येथून. भारतात ही पद्धत १९९० च्या दशकात रुजू लागली.

या इतिहासाला समांतर असा नैतिक इतिहासही आहे. कृत्रिम मूत्रपिंड बनवणारे डच वैद्य विलेम कोल्फ यांच्या यंत्रावर १९४५ साली जी पहिली व्यक्ती वाचली, ती नाझींची बाजू घेतल्याबद्दल कैदेत असलेली एक वृद्ध स्त्री होती. देश नुकताच त्या राजवटीतून सुटला होता आणि तिच्याविषयी लोकांच्या मनात संताप होता. कोल्फ यांनी तिच्या लायकीचा प्रश्न उपस्थित केला नाही. पुढे १९६२ साली सिएटलच्या केंद्रात यंत्रे थोडी आणि रुग्ण फार अशी अवस्था झाली, तेव्हा एक नागरिकांची समिती नेमण्यात आली. तिच्यात धर्मोपदेशक, वकील, गृहिणी, बँकेतील अधिकारी, कामगार पुढारी असे सात जण होते. कोणाला उपचार द्यावयाचे हे ठरवताना त्यांनी उत्पन्न, मुलेबाळे, शिक्षण, चर्चशी असलेले नाते यांचा विचार केला. ‘लाइफ’ नियतकालिकाने त्याच वर्षी ही हकिगत छापली तेव्हा अमेरिकेत मोठी खळबळ माजली. १९७२ साली तेथील संसदेने कायदा करून बहुतेक सर्व मूत्रपिंडग्रस्तांच्या उपचारांचा खर्च सरकारकडे घेतला, आणि माणसाची किंमत मोजण्याचे ते काम निदान उघडपणे तरी संपले.

उपचार घरात आले तेव्हा मात्र प्रश्नाचे रूप पालटले. समितीपुढचा प्रश्न होता: कोणी जगावे? घरापुढचा प्रश्न असतो: जगवण्याचे काम कोणी करावे? पहिल्या प्रश्नातला अन्याय सर्वांना दिसला, कारण तेथे मेज होते, सभासद होते, निर्णय होता. दुसऱ्या प्रश्नाचा निर्णय बहुधा कोणी घेतच नाही. तो स्वयंपाकघर आणि माजघर यांच्या दरम्यान कधीतरी आपोआप होऊन जातो. म्हणूनच त्याकडे अधिक बारकाईने पाहणे अवश्य आहे.

नळीची तयारी शस्त्रक्रियेच्या आधीच सुरू होते. नळी कातडीतून बाहेर कोठे पडावी ती जागा रुग्णाला उभे करून आणि बसवून पाहून शाईने खुणावी लागते. ती पोटाच्या वळीत येता कामा नये. कंबरपट्ट्याच्या रेषेवर येता कामा नये. भारतीय रुग्णाच्या बाबतीत साडीची नेसण, धोतराची गाठ, परकराची नाडी, कोणाचा करगोटा यांची रेषा विचारात घ्यावी लागते. बाहेर पडणारे तोंड खालच्या किंवा बाजूच्या दिशेला वळवणे इष्ट मानतात, म्हणजे घाम आणि पाणी तेथे साठत नाही. या सर्व अटींत आणखी एक अट आहे: ती जागा रुग्णाला स्वतःला दिसली पाहिजे आणि तेथे त्याचा हात पोचला पाहिजे. शस्त्रक्रियेच्या जखमा सामान्यतः रोग्याच्या सोयीने ठेवलेल्या नसतात. वैद्याला जेथे काम आहे तेथे त्या होतात. येथे मात्र जखमेची जागाच असे गृहीत धरते की देहाचा धनी हाच त्याचा शुश्रूषक आहे. एखाद्या वृद्धेला साडी कोठे नेसता असे जेव्हा डॉक्टर विचारतो, तेव्हा तिच्या नेसण्याच्या सवयीला वैद्यकीय निर्णयात स्थान मिळते. आदर म्हणजे काय, याचे याहून साधे उदाहरण सापडणे कठीण.

नळी बसल्यावर लगेच ती वापरत नाहीत. घाई नसेल तर सुमारे दोन आठवडे थांबतात. पहिले काही दिवस पट्टी सोडून पाहावयाचीही नसते. नळी चिकटपट्टीने कातडीशी बांधून ठेवावयाची, तिला ओढ बसू द्यावयाची नाही, जड उचलावयाचे नाही, खोकला आवरावयाचा, कोठा साफ ठेवावयाचा. कारण भरलेली आतडीसुद्धा नळीचे आतले टोक हलवू शकतात. या दिवसांत ऊती कड्यांत वाढत असतात. बाहेरून काहीच घडत नसते आणि आत सर्व काही घडत असते. आधुनिक वैद्यक ताबडतोबीच्या फळासाठी ओळखले जाते. त्या वैद्यकाच्या पोटात ही सक्तीची प्रतीक्षा आहे. शरीराला परके द्रव्य स्वीकारावयास वेळ लागतो, तसाच मनालाही लागतो. नळी म्हणजे आजार बरा होणार नाही या सत्याची देहावर उमटलेली खूण असते. दोन आठवड्यांच्या अवधीत कडे ऊतीत रुजते तसे हे सत्य घरात रुजले, तर पुढची कामे सुकर होतात. न रुजले, तर हात शिकतात आणि मन मागे राहते.

मग शिकवणी. दार-खिडक्या बंद करावयाच्या, पंखा थांबवावयाचा, तोंडाला पट्टी बांधावयाची, अंगठ्या-बांगड्या उतरवून साबणाने हात धुवावयाचे आणि कोरडे करावयाचे, पिशवीवरची तारीख, द्रावणाची तीव्रता आणि स्वच्छपणा पाहावयाचा, अंगाइतके कोमट झालेले द्रावण टांगावयाचे, नळीची टोपी काढून क्षणार्धात जोड करावयाचा, आणि त्या क्षणात उघड्या टोकाला काहीही लागू द्यावयाचे नाही. आधी जुने द्रावण निचरते, मग थोडे नवे द्रावण जोडातून वाहून जाते, मग पोट भरते. निचरलेली पिशवी उजेडात धरून पाहावयाची: तिच्यातून छापील अक्षरे वाचता आली तर सर्व ठीक, ती गढूळ असेल तर उदरावरणाला जंतुसंसर्ग झाला असे समजून वेळ न दवडता रुग्णालय गाठावयाचे, आणि ती पिशवीही बरोबर न्यावयाची.

महाराष्ट्रातील जुन्या घरात वाढलेल्या माणसाला हे वर्णन ऐकताना सोवळ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. ठरावीक जागा, धुतलेले हात, कोणी शिवू नये हा दंडक, क्रमातली अढळता, आणि स्पर्श झाल्यास सर्व पुन्हा आरंभापासून. साम्य इतके आहे की काही कुटुंबांत शिकवणी देणाऱ्या परिचारिकेचे काम त्यामुळे सोपे होत असेल. पण हे साम्य फसवे आहे, आणि कोठे फसवे आहे हे नीट पाहिले पाहिजे. सोवळ्यात धोका दुसऱ्याकडून येतो. दुसऱ्याचा स्पर्श मला विटाळतो, म्हणून दुसरा दूर ठेवावयाचा. नळीच्या शुद्धीत धोका माझ्या हातातच आहे. तो दुसऱ्याला बाधू नये म्हणून मी माझा हात धुवावयाचा. पहिली शुद्धी कर्त्याची प्रतिष्ठा वाढवते, दुसरी कर्त्याला स्वतःविषयी साशंक राहावयास शिकवते. पहिली जन्मावर ठरते. दुसरी दर वेळी नव्याने मिळवावी लागते, आणि काम संपताच संपते.

१९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्य मानलेल्यांनी प्राशन केले तेव्हा सनातन्यांनी शेण, गोमूत्र घालून त्या तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. शुद्धी या शब्दाच्या पोटात किती भिन्न अर्थ राहू शकतात याची ती साक्ष आहे. जंतूला जात कळत नाही. परिचारिका कोणत्या घरची, शिकवणारा तंत्रज्ञ कोणत्या वस्तीतला, याचा त्या उघड्या टोकाशी संबंध नसतो. त्याने हात धुतले की नाही एवढाच प्रश्न उरतो. सोवळ्याच्या सवयीने हात धुणारे घर ज्या दिवशी त्या परिचारिकेला आपल्या कपातून चहा देते, त्या दिवशी दुसऱ्या अर्थाची शुद्धी त्या घरात आली असे म्हणता येईल.

आपला हात अपायाचे वाहन असू शकतो, ही गोष्ट पचवणे सोपे नाही. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४७ साली इग्नाझ झेमेलवाइस यांनी शवविच्छेदनाहून येणाऱ्या डॉक्टरांना व विद्यार्थ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने उतरले. तरीही पुष्कळ नामांकित वैद्यांनी हे मानले नाही. ते मानणे म्हणजे आजवर आपल्याच हातांनी मृत्यू पोचवला असे कबूल करणे होते. झेमेलवाइस यांनी स्वतःपुरती ती कबुली आपल्या ग्रंथात दिली. पण पुढे खुल्या पत्रांतून त्यांनी विरोधकांना खुनी ठरवावयास आरंभ केला, आणि त्या आरोपाने मने वळण्याऐवजी अधिकच बंद झाली. १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात त्यांचा अंत झाला. सत्य त्यांच्या बाजूस होते. परंतु दोषारोपाच्या भाषेत सांगितलेले सत्य ऐकणाऱ्याला स्वीकारण्याऐवजी लपण्यास लावते, हेही त्यांच्या चरित्रातून दिसते.

हाच धडा घरातल्या नळीला लागू पडतो, आणि येथे या विषयातील खरा नैतिक पेच समोर येतो. असे एक घर कल्पावे: तालुक्याच्या गावी दोन खोल्या, निवृत्त शिक्षक असलेले सासरे, दिवसभर बाहेर असणारा मुलगा, आणि चारही वेळा पिशवी बदलणारी सून. रात्रीचे दहा वाजले आहेत. मुलाला ताप आहे. ती दमली आहे. टोपी काढताना नळीचे उघडे टोक तिच्या पदराला निमिषभर लागते. कोणी पाहिलेले नाही. सासऱ्यांचे डोळे मिटलेले आहेत. काय करावे हे शिकवणीत सांगितलेले आहे: जोड करू नये, नळीला चिमटा लावावा, रुग्णालयाला कळवावे. तेथे नळीचा बाहेरचा तुकडा बदलतात, गरज वाटल्यास प्रतिजैविक देतात, आणि बहुतेक वेळा संकट टळते. न कळवता जोड केला तरी कदाचित काहीच होणार नाही. कदाचित तीन दिवसांनी पिशवी गढूळ येईल, पोट दुखेल, आणि कारण कोणालाच कळणार नाही.

ती कळवील की नाही? सत्याच्या कसोटीची अशी निखळ उदाहरणे नीतिशास्त्राच्या ग्रंथांत सुद्धा थोडी आढळतात. साक्षीदार नाही, शिक्षा निश्चित नाही, फळही अनिश्चित. कांटच्या अनुयायाला येथे कर्तव्याचा शुद्ध प्रसंग दिसेल: कोणी पाहत असो वा नसो, खरे तेच करावे. हे बरोबर आहे, पण अपुरे आहे. तिचे उत्तर केवळ तिच्या सद्सद्विवेकावर अवलंबून नाही. मागच्या वेळी तिने अशी चूक सांगितली तेव्हा काय घडले होते, यावरही ते अवलंबून आहे. नवरा रागावला असेल, नणदेने फोनवर टोमणा मारला असेल, डॉक्टर सर्वांदेखत ‘शिकवलेले विसरलात का’ असे म्हणाला असेल, तर या खेपेस गप्प राहण्याचे पाप तिच्या एकटीचे कसे म्हणावे? सत्य बोलणे हा बोलणाऱ्याचा गुण आहे. पण सत्य बोलणे शक्य ठेवणे हे ऐकणाऱ्यांचे कर्तव्य आहे. हे दुसरे कर्तव्य आपल्या नीतिविचारात फारसे नोंदलेले आढळत नाही.

पाश्चात्त्य तत्त्वचिंतनात १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल यांनी ‘नैतिक नशीब’ या नावाने एक प्रश्न चर्चेला आणला. दोन माणसांनी सारखाच निष्काळजीपणा केला. एकाच्या हातून अपघात झाला, दुसरा केवळ योगायोगाने सुटला. जग पहिल्याला दोषी धरते, दुसऱ्याकडे पाहतही नाही. नळीच्या बाबतीत हा योगायोग दोन्ही दिशांनी काम करतो. ढिलाई करणारा कित्येक महिने सुखरूप राहतो. आणि काटेकोरपणे सर्व पाळणाऱ्या घरात संसर्ग होतो, कारण जंतू आतड्यातूनही येऊ शकतात, कातडीवरून नळीच्या वाटेनेही येऊ शकतात. तेव्हा गढूळ पिशवी हा कोणाच्या अपराधाचा पुरावा होऊ शकत नाही. कर्मावर अधिकार, फळावर नाही, हे गीतेचे सूत्र उपदेश म्हणून सर्वांच्या तोंडी असते. दोष वाटण्याच्या वेळी मात्र ते विसरले जाते. फळावर ज्याचा अधिकार नाही त्याला फळाबद्दल जाब विचारणे हे त्या सूत्राशी विसंगत आहे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की दोष काढून टाकला तर काळजीही सैल पडेल. भीती हीच सामान्य माणसाची शिस्त, असा त्यामागील समज आहे. त्याचे उत्तर या उपचाराच्या इतिहासातच मिळते. सुरुवातीच्या वर्षांत संसर्गाचे प्रमाण फार होते. इटलीत इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची जोडणी निघाली, भरण्यापूर्वी जोड धुऊन निघेल असा क्रम आला, आणि संसर्ग लक्षणीय प्रमाणात घटले. त्या काळात लोकांचे हात एकाएकी सदाचारी झाले नव्हते. जोडाची रचना बदलली होती. माणूस चुकणार हे मान्य करून जी वस्तू घडवली जाते ती, माणसाने चुकूच नये असे बजावणाऱ्या उपदेशापेक्षा अधिक जीव वाचवते. जबाबदारी आणि दोष यांतील फरक येथे स्पष्ट होतो. दोष मागे पाहतो आणि एका माणसावर थांबतो. जबाबदारी पुढे पाहते, आणि ती वाटून घेता येते: नळी घडवणारा, बसवणारा, शिकवणारी, फोन उचलणारा, आणि हात धुणारी, असे तिचे अनेक वाटेकरी असतात.

वाटेकरी म्हटले की हेही विचारावे लागते की वाटा समान आहे काय. कॅरल गिलिगन यांच्या १९८२ च्या ग्रंथापासून ‘काळजीची नीती’ असा एक विचारप्रवाह रूढ झाला. न्याय, हक्क, तत्त्व यांच्या बरोबरीने जिव्हाळा आणि शुश्रूषा यांनाही नीतीत मूलभूत स्थान आहे, असे तो सांगतो. हा विचार मोलाचा आहे, पण भारतीय घरात तो जपून वापरावा लागतो. येथे शुश्रूषेची थोरवी गाण्याची परंपरा जुनी आहे आणि ती गाणारे बहुधा शुश्रूषा करणारे नसतात. घरगुती उपचाराचा खर्च मोजताना द्रावणाची किंमत, नळीची किंमत, प्रवासाची बचत हे सर्व मांडले जाते. दिवसातून चार वेळा प्रत्येकी अर्धा-पाऊण तास देणाऱ्या हातांचा आकडा त्या हिशेबात शून्य असतो. महिन्याला सुमारे १२० पिशव्या, म्हणजे २४० लिटर द्रावण, दोन खोल्यांच्या घरात कोठे ठेवावयाचे हा प्रश्नही तिच्याच वाट्याला येतो. रुग्णाची संमती लेखी घेतात. जिचे आयुष्य त्या संमतीने बांधले जाणार तिला कोणी विचारतच नाही. विचारले तर ती नाही म्हणेल असे मुळीच नव्हे. बहुधा हो म्हणेल. पण न विचारता गृहीत धरलेला होकार आणि विचारल्यावर दिलेला होकार, यांत वेठ आणि दान यांच्याइतके अंतर आहे.

सार्वजनिक जबाबदारीचे काय? प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ साली आरंभला गेला तो जिल्हा रुग्णालयांतील यंत्रांवर भर देऊन. पोटाच्या डायलिसिससाठी मार्गदर्शक तत्त्वे २०१९ साली आली. दूरच्या खेड्यातल्या, आठवड्यातून दोन-तीनदा शहर गाठू न शकणाऱ्या रुग्णाला घरातली नळी हाच व्यवहार्य मार्ग असतो. थायलंडने २००८ साली सार्वजनिक योजनेत हाच मार्ग आधी असे धोरण ठेवले आणि २०२२ साली निवडीची मोकळीक दिली. घरी उपचार करणे हे स्वातंत्र्य होऊ शकते आणि सक्तीही होऊ शकते. रुग्णालय जवळ असूनही ज्याने घर निवडले त्याचे ते स्वातंत्र्य. दुसरा पर्यायच नाही म्हणून ज्याच्या घराचे रुग्णालय झाले त्याच्याबाबत तो शब्द वापरताना संकोच वाटला पाहिजे.

परावलंबन हा मात्र अधःपात नव्हे, हेही याच ठिकाणी नोंदवले पाहिजे. जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडे १९७५ च्या कारावासात निकामी झाली. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. त्यांच्यासाठी लागणाऱ्या यंत्राकरिता लोकांनी वर्गणी जमवली. आणि १९७९ च्या ऑक्टोबरपर्यंत ते डायलिसिसच्या आधारे जगले. १९५४ साली ज्याने आपले जीवन दान दिले होते, त्याला अखेरची चार वर्षे लोकांकडून जीवन दान म्हणून घ्यावे लागले. त्या काळातच देशाच्या राजकारणातले त्यांचे मोठे कार्य घडले. आधार घेणारा माणूस आधार देऊ शकत नाही, हा समज त्यांच्या उदाहरणाने खोटा ठरतो. स्वावलंबन हे मूल्य आहे. पण ज्याला कोणाचीच गरज नाही असा माणूस हे माणसाचे आदर्श चित्र मानले, तर आजारी, वृद्ध आणि लहान मुले ही सर्व माणुसकीच्या कडेला ढकलली जातात.

उपचार कोठवर करावा याचाही निर्णय एखाद्या दिवशी येतो. उदरावरण वर्षानुवर्षे ग्लुकोजच्या सान्निध्यात राहून थकते, वय वाढते, इतर आजार साथ धरतात. जी नळी बसवता येते ती काढताही येते. जगण्याचा हक्क मान्य करणाऱ्याने थांबण्याचा निर्णयही रुग्णाचा मानला पाहिजे. परंतु तो निर्णय ‘घरच्यांना माझा त्रास नको’ या विचारातून आलेला असेल, तर तो त्याचा खरोखर स्वतःचा आहे काय, हे विचारण्याचे कर्तव्य घरच्यांवर येते. ज्या घरात चूक न भीता सांगता येते, त्याच घरात ‘आता पुरे’ हेही न भीता सांगता येते, आणि ‘मी दमले’ हेही. हे तिन्ही उद्गार एकाच विश्वासावर उभे असतात.

म्हणून नळीची तयारी म्हणजे केवळ पोटाची तयारी नव्हे. ऊतींना कड्यात रुजावयास दोन आठवडे पुरतात. चूक ऐकून घेणारे, वाटा उचलणारे, विचारल्याशिवाय गृहीत न धरणारे घर तयार व्हावयास अधिक काळ लागतो, आणि ते काम कोणा एकाच्या हाताने होत नाही. त्या कल्पिलेल्या घरात रात्री दहानंतर सुनेने फोन लावला, आणि पलीकडून ‘बरे झाले सांगितलेत, सकाळी घेऊन या’ एवढेच उत्तर आले, तर त्या रात्री नऊ दारांच्या नगरातले ते नवे दार सुरक्षित राहिले असे समजावे. सकाळची पिशवी उजेडात धरल्यावर पलीकडची अक्षरे वाचता येतील की नाही, ते कोणाच्याच हातात नसते.